चोवीसात एक

फियाट. आधी कुणा वकिलाची,
मग भंगारवाल्याची, मग हिलाल बागुलची.
मडगार्ड कापलेलं, मागची सीट उपटून टाकलेली,
सायलेन्सर नाही, आवाज थेट नकाण्यापर्यंत.
वैशाखात तलाव आटला की त्याच्या बुडात
धुळ्याचे गॅरेजवाले शर्यत लावायचे:
सहा गाड्या, अकरा फेऱ्या,
बक्षीस एक नवा टायर आणि रात्री शेवभाजी.
मी तेव्हा नऊ वर्षांचा.
आता एकसष्ट.

एस.टी.च्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं डेंट काढले.
आता घालतो.
हे उलटं काम जास्त अवघड.
खरा पत्रा रागानं चेपतो,
बांधाला, बैलाला, दुसऱ्याच्या बंपरला.
हा तेलाच्या डब्याचा पत्रा दाबायचा
तान्ह्या बाळाचं नाक दाबावं तसा,
श्वास धरून, खिळ्याच्या बोथट टोकानं.

चोवीसात एक, असं माप आहे.
अख्खी गाडी वितीत मावते.
हवाई चपलेचा तळ कातून टायर झाले,
छत्रीच्या काडीचा स्टिअरिंगचा दांडा.
रेडिएटरची जाळी चहाच्या गाळणीची;
सून दोन दिवस गाळणी शोधत होती,
तिसऱ्या दिवशी नवी आणली
आणि माझ्याकडे बघून कपाटात ठेवली.

फोटो एकच आहे, तोही डावीकडून.
चुन्यानं काढलेला सात, शेजारी हिलाल,
एक डोळा उन्हानं मिटलेला.
उजवी बाजू कुणाकडेच नाही.
रशीद पिंजारी म्हणाला, हिरवी.
पोपट बडगुजर म्हणाला, लाल, दारावर बजरंगबली,
आईची शपथ.
डगा मिस्तरीला आता ऐकू येत नाही,
तो बराच वेळ कार्बोरेटरबद्दल बोलला.

आणि मी तर उजवीकडेच उभा होतो, पाळीवर,
डोळे टक्क उघडे.
मला आठवते ती धूळ.

तीही करून पाहिली.
तलावातून मूठभर आणली, चाळली, वस्त्रगाळ केली,
बॉनेटवर फुंकली,
तर एकेक कण खडीएवढा दिसायला लागला.
सगळ्याला चोवीसनं भागता येतं,
धुळीला नाही.

शेवटी देवपूरला गेलो, केवळबाईकडे.
हिलाल जाऊन एकोणीस वर्षं झाली.
गाडी मिठाईच्या खोक्यात नेली होती.
तिनं झाकण उघडलं, म्हणाली,
‘पेढा नहीत का मंग?’
मग गाडी तळहातावर घेतली.
डावीकडून पाहिली नाहीच.
फिरवली,
आणि उजव्या दारावर नख ठेवलं.
‘हाऊ दरवाजा कधी उघडनाच नही, भो.
नाडाघाई बांधेल ऱ्हाये.
त्या खिडकीमाईन बठेत.’
मी विचारलं, रंग?
‘रंग मालेबी याद नही.
नाडा विहीरना व्हता. मी रोज शोधू.’

गोणपाटाचा एक धागा उसवला.
त्याचे तीन पदर केले, दोन ठेवले, पीळ भरला.
खिडकीच्या चौकटीतून ओवून गाठ मारायला गेलो
तर माझी बोटं दारापेक्षा रुंद.
चार वेळा सुटली.
तिनं हात पुढे केला.
चष्मा नाही, काही नाही,
दोन वेढे, एक गाठ,
उरलेलं टोक दातानं तोडलं
आणि ओढून पाहिलं, सुटते का.

उजवी बाजू मी रंगवली नाही.
दारावर डब्याचीच अक्षरं आहेत, ‘गदाणा ते’ एवढी,
बाकीची कापात गेली.
ती म्हणाली, ऱ्हाऊ दे.

झाकण लावताना पाहिलं,
बाहेरून एक ट्रॅक्टर गेला होता,
टपावर पातळ थर बसला होता,
पूर्ण मापाचा.
पुसायला बोट उचललं
आणि तसंच खिशात घातलं.